चांगलं वागला, म्हणून हकला त्याचं मन खातं

रात्रीची वेळ. मिसिसिपी नदीतून एक तराफा खाली वाहत चाललाय. त्यावर दोघंच आहेत: तेरा-चौदा वर्षांचा गोरा मुलगा हक फिन आणि जिम नावाचा पळालेला कृष्णवर्णीय गुलाम. केरो नावाचं गाव आता कुठल्याही क्षणी दिसेल आणि तिथून पुढे जिमची सुटका होईल, अशा आशेवर दोघं अंधारात डोळे ताणून बसलेत. जिमला आनंद आवरत नाही. सुटलो की काम करीन, पै-पै साठवीन, बायकोला विकत घेईन, मग आम्ही दोघं राबून दोन्ही लेकरांना विकत घेऊ, आणि मालक विकायला तयार झाला नाही तर कुणाच्या तरी मदतीने त्यांना पळवून आणू, असं तो मोठ्याने बोलत सुटतो.

हे ऐकून हक हादरतो. ज्या माणसाला आपण ओळखतही नाही, ज्याने आपलं कधी काही वाकडं केलं नाही, त्याची पोरं हा चोरणार म्हणतोय! पोरं जिमची स्वतःची आहेत. पण हकच्या हिशोबात ती मालकाची. बाप स्वतःच्या लेकरांना घेऊन गेला तर ती चोरी, आणि त्या चोराला आपण मदत करतोय, म्हणून हकचं मन त्याला खायला लागतं. मिस वॉटसनने तुझं काय घोडं मारलं होतं, तिचा गुलाम तुझ्या डोळ्यांदेखत पळाला आणि तू गप्प बसलास, असं ते मन त्याला विचारतं.

मार्क ट्वेनच्या ‘ॲडव्हेंचर्स ऑफ हकलबरी फिन’ या कादंबरीतलं हे सोळावं प्रकरण. पुस्तक इंग्लंड आणि कॅनडात डिसेंबर १८८४ मध्ये आणि अमेरिकेत फेब्रुवारी १८८५ मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हापासून एकीकडे ते अमेरिकी साहित्याचा मानबिंदू म्हणून शिकवलं जातं आणि दुसरीकडे शाळांच्या यादीतून वगळलं जातं. वगळणारे दर पिढीत वेगळे होते आणि त्यांची कारणंही वेगळी होती. हे भांडण समजून घ्यायचं तर आधी तराफ्यावरचा तो क्षण नीट समजायला हवा. हकचं मन मेलेलं नाही, उलट चांगलं जागं आहे. पण त्याला जे शिकवलं गेलंय ते इतकं उलटं आहे, की एका माणसाला सुटायला मदत केल्याची त्याला लाज वाटते.

माणूस की मालमत्ता

गोष्ट घडते साधारण १८३५ ते १८४५ या काळात, मिसूरी राज्यात. हे राज्य १८२१ साली अमेरिकी संघराज्यात सामील झालं ते गुलामगिरीला मुभा असलेलं राज्य म्हणून. कायद्याच्या नजरेत गुलाम म्हणजे बैल किंवा खुर्चीसारखी जंगम मालमत्ता. त्याला विकता येई, गहाण टाकता येई, भाड्याने देता येई, मृत्युपत्राने दुसऱ्याच्या नावे करता येई. मालक कर्जात बुडाला की भांड्याकुंड्यांबरोबर गुलामांचाही लिलाव होई, आणि त्यात आई एका गावी गेली, मूल दुसऱ्या गावी, याची दाद कुठेच मागता येत नसे. १८६० च्या जनगणनेत अमेरिकेत जवळपास ४० लाख माणसं गुलाम म्हणून मोजली गेली. एकट्या मिसूरीत ती सुमारे १ लाख १५ हजार होती.

जिम मिस वॉटसनच्या मालकीचा. ही बाई देवभक्त, हकला प्रार्थना शिकवणारी. एका रात्री जिमच्या कानावर पडतं, की त्याच्यासाठी ८०० डॉलर मिळू शकतात आणि बाईंचा त्याला न्यू ऑर्लिन्सकडे विकण्याचा विचार चाललाय. नदीच्या खालच्या अंगाला विकलं जाणं म्हणजे दक्षिणेतल्या कापसाच्या आणि उसाच्या मळ्यांवर जाणं. तिथून माघारी येणं नाही आणि बायकापोरांचं तोंड पुन्हा दिसणं नाही. जिम त्याच रात्री पळतो.

इथे वाचकाला हमखास एक प्रश्न पडतो. नदीच्या पलीकडच्या काठावर इलिनॉय राज्य आहे आणि तिथे गुलामगिरीला परवानगी नाही. मग जिम सरळ पलीकडे का जात नाही? कारण मुक्त राज्यात पाऊल टाकलं म्हणून गुलाम मुक्त होत नसे. १७९३ च्या कायद्यानुसार मालक पळालेल्या गुलामाला तिथूनही पकडून नेऊ शकत असे, आणि १८५० च्या कायद्याने तर त्याला आसरा देणाऱ्यांवरचा फासही आवळला. बक्षिसाच्या लोभाने गुलाम पकडणारे लोक त्या काठावर टपलेले असत. म्हणून जिम आणि हकचा बेत असा असतो, की मिसिसिपीतून केरोपर्यंत खाली जायचं, तिथे ओहायो नदी येऊन मिळते, तिच्यातून बोटीने वर मुक्त प्रदेशात खोलवर शिरायचं. पण धुक्याच्या एका रात्री केरो मागे पडतं, आणि पुढची सगळी कादंबरी तराफा चुकीच्या दिशेने, गुलामगिरीच्या गाभ्याकडे वाहत राहतो. ट्वेनने लिखाण १८७६ मध्ये सुरू केलं होतं. केरो मागे पडल्यावर थोड्याच अंतरावर त्याची लेखणी अडली आणि पुस्तक पुरं व्हायला १८८३ उजाडलं. दक्षिणेकडे निघालेल्या पळपुट्या गुलामाचं पुढे करायचं काय, हा पेच खरोखरच अवघड होता.

हॅनिबल गावातलं पोर

मार्क ट्वेनचं खरं नाव सॅम्युएल क्लेमेन्स. जन्म १८३५ चा. चार वर्षांचा असताना कुटुंब मिसिसिपीकाठच्या हॅनिबल गावी आलं. त्याच्या पुस्तकांमधलं हकचं सेंट पीटर्सबर्ग गाव म्हणजे हेच. क्लेमेन्स कुटुंब श्रीमंत नव्हतं, तरी घरात गुलाम होते. शाळेत जायच्या वयात मला गुलामगिरीबद्दल काही तिटकारा नव्हता, असं ट्वेनने म्हातारपणी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. तिच्याविरुद्ध बोलताना त्याने कुणाला ऐकलं नव्हतं, गावची वर्तमानपत्रं गप्प होती, आणि चर्चमधून सांगितलं जाई, की हे देवाला मान्य आहे, शंका असेल तर बायबल उघडून बघा.

त्याच आत्मचरित्रात सँडी नावाच्या लहानग्या गुलामाची आठवण आहे. मेरीलँडमधून, आईपासून तोडून आणलेलं ते पोर दिवसभर गात असे, शीळ घालत असे, ओरडत असे. वैतागून एक दिवस लहानगा सॅम आईकडे तक्रार घेऊन गेला. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तो गातो तेव्हा निदान त्याला आठवण येत नाही एवढं तरी मला समजतं, तो गप्प बसला की मला भीती वाटते, त्याला त्याची आई पुन्हा कधी दिसायची नाही, असं ती म्हणाली. ही बाई मनाने मऊ होती. गुलाम मात्र घरात होताच. मऊ मन आणि घरातला गुलाम यांचं भांडण होऊ नये, अशीच त्या समाजाची शिकवण होती.

ट्वेनच्या मावशीच्या यजमानांच्या मळ्यावर डॅनियल नावाचा मध्यमवयीन गुलाम होता. शहाणा, साधा, पोरांवर जीव लावणारा. जिमचं पात्र बरंचसं त्याच्यावरून घडलं. हकचा मूळ नमुना म्हणजे गावातला टॉम ब्लँकनशिप, दारुड्याचा मुलगा. या टॉमच्या थोरल्या भावाने १८४७ मध्ये एका पळालेल्या गुलामाला नदीतल्या बेटावर लपल्याजागी गुपचूप अन्न पोचवलं होतं. पकडून दिलं असतं तर बक्षीस होतं आणि भूक तर त्याच्या स्वतःच्या घरातही होती. हकच्या गोष्टीचं बीज यात असावं, असं अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटतं.

आता एक आठवण मुंबईची. जानेवारी १८९६ मध्ये ट्वेन जगभर व्याख्यानं देत मुंबईत आला आणि काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात उतरला. खोलीत एक धिप्पाड जर्मन माणूस नोकरांना काम सांगत होता. काहीतरी चुकलं, आणि काय चुकलं ते न सांगताच त्याने एका नोकराच्या थोबाडीत मारली. नोकराने मुकाट्याने सोसलं. ट्वेन लिहितो, की असं दृश्य त्याने पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं आणि ते बघताच तो थेट बालपणात जाऊन पोचला. गुलामाला आपली इच्छा समजावून सांगायची नेहमीची रीत हीच होती, हे विसरलेलं त्याला लख्ख आठवलं. त्याच्या वडिलांनी त्याच्यावर आयुष्यात फक्त दोनदा हात उगारला होता, पण घरातल्या लुइस नावाच्या गुलाम मुलाला मात्र ते बारीकसारीक चुकांसाठी सहज फटकावत. त्याहून भयंकर आठवण पुढची आहे. दहा वर्षांचा असताना एका माणसाने नुसत्या धांदरटपणावर चिडून गुलामाच्या डोक्यात लोहखनिजाचा दगड फेकून मारलेला त्याने पाहिला. गुलाम तासाभरात मेला. मालकाला तसा हक्क आहे हे पोराला माहीत होतं. तरी हे काहीतरी चुकतंय असं त्याला वाटलं, पण का चुकतंय ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. गावात कुणालाच ते पटलं नाही, आणि कुणी फारसं बोललंही नाही.

‘काहीतरी चुकतंय, पण का ते सांगता येत नाही’ हीच हकची अवस्था. ट्वेनने हे मुंबईत आठवून लिहिलं तेव्हा कादंबरी येऊन अकरा वर्षं झाली होती, पण तिचं मूळ त्या दगडाखाली आहे.

टॉमचं गाव, हकचं गाव

ट्वेनचं आधीचं पुस्तक ‘टॉम सॉयर’ १८७६ साली आलं. त्याचा नायक टॉम आणि हक त्याचा मित्र. कुंपणाला रंग देण्याची युक्ती, गुहा, खजिना, असा मोकळ्या उन्हाळ्याचा सगळा ऐवज त्यात आहे. गाव तेच, नदी तीच. पण गुलामगिरी त्यात जवळजवळ दिसतच नाही. ती आहे, पण घरातल्या भिंतीसारखी, जिच्याकडे कुणी वळून पाहत नाही. (त्या पुस्तकातला खलनायक मूलनिवासी वंशाचा आहे आणि त्याच्या दुष्टपणाचं कारण त्याचं रक्त असल्याचं सुचवलं जातं. त्याची भरपाई ट्वेनने पुढे कुठेच केली नाही, हेही सांगायला हवं.) नंतरच्या पुस्तकात त्याने निवेदन हकच्या तोंडी दिलं. हक आहे घर नसलेला, शाळा बुडवणारा, बापाचा मार खाणारा. अडाणी बोलीत तो जे पाहतो ते सांगतो, त्यावर भाष्य करण्याइतकी अक्कल त्याच्यापाशी नाही. यातली खुबी अशी, की निवेदकाला जे कळत नाही ते वाचकाला कळतं. समजा आपल्याकडे एखाद्या लेखकाने गावकुसाची हकीकत तिथल्या पोराच्या बोलीत, एकही प्रमाण वाक्य न वापरता लिहिली, आणि त्या पोराला आपल्या समाजाची रीत इतकी सहज वाटत असेल की ती सांगताना त्याचा आवाज जराही बदलत नाही, तर वाचकाचा जीव जसा गुदमरेल, तसंच इथे होतं.

बत्तिसाव्या प्रकरणातला एक संवाद बघा. हक एका बाईला थाप मारतो, की बोटीवर स्फोट झाला. ती विचारते, “कुणाला लागलं का?” तो म्हणतो, “नाही बाई. एक काळा मेला.” (मूळ शब्द याहून हीन आहे.) ती म्हणते, “बरं झालं, कारण कधीकधी माणसांना लागतं.” दोघंही सज्जन आहेत आणि दोघांनाही आपण काय बोललो ते ऐकू आलेलं नाही. लेखक मध्ये येऊन एक अक्षर बोलत नाही. वर्गात हे पान शिकवायला सगळ्यात अवघड, कारण न समजता वाचलं तर विनोद आणि समजून वाचलं तर अंगावर शहारा.

धुक्याच्या रात्रीनंतरचं पान मात्र कुणालाही कळतं. हक होडीतून वाट चुकतो, जिम रात्रभर त्याला हाका मारून थकतो. सकाळी हक परत येतो आणि गंमत म्हणून सांगतो, की धुकं नव्हतंच, तुला स्वप्न पडलं. जिमला खरं काय ते उमगतं तेव्हा तो तराफ्यावर पडलेल्या काटक्या-पाचोळ्याकडे बोट दाखवून म्हणतो, की तो कचरा, आणि मित्राच्या डोक्यावर घाण टाकून त्याला लाजवणारी माणसंही कचराच. तो उठून आत जातो. एका कृष्णवर्णीयापुढे नमतं घ्यायला मन तयार करायला आपल्याला पंधरा मिनिटं लागली, पण आपण ते केलं आणि त्याचा पुढे कधी पस्तावा झाला नाही, असं हक सांगतो. ती पंधरा मिनिटं मला या कादंबरीतला सगळ्यात प्रामाणिक आकडा वाटतो.

तेविसाव्या प्रकरणात पहाटे जिम एकटाच रडतो. त्याची चार वर्षांची लेक एलिझाबेथ तापातून उठली होती. दार लावायला सांगितलं, तिने ऐकलं नाही, म्हणून त्याने तिला मारलं. मग वाऱ्याने दार धाडकन आपटलं आणि पोर जागची हलली नाही. तापाने ती बहिरी झाली होती. ते आठवून जिम म्हणतो, देवाने क्षमा केली तरी मी स्वतःला करणार नाही. हक ऐकतो आणि म्हणतो, की गोऱ्यांना आपल्या माणसांबद्दल जेवढं वाटतं तेवढंच याला वाटतं असं दिसतंय, ते नैसर्गिक वाटत नाही, पण असावं. तराफ्यावर रात्रीचा पहारा स्वतःबरोबर हकचाही जिम करतो, हकला झोपू देतो. हकचा बाप मेल्याचंही त्याने आधीच पाहिलेलं असतं, पण पोराला ते प्रेत दिसू देत नाही. या पुस्तकात बापासारखा वागणारा माणूस हाच एक.

चाळीस डॉलर

आता सोळाव्या प्रकरणाकडे परत. मन खातंय म्हणून हक जिमला पकडून द्यायला होडीतून निघतो. जिम मागून ओरडतो, की जिमला दिलेला शब्द पाळणारा एकुलता एक गोरा म्हणजे तू. वाटेत बंदूकधारी दोघं भेटतात आणि विचारतात, तराफ्यावरचा तुझा माणूस गोरा की काळा? हकच्या तोंडून ‘गोरा’ निघून जातं. मग तो अशी बतावणी करतो की तराफ्यावर देवीची साथ असल्याचा त्यांना संशय यावा. घाबरलेले ते दोघं दुरूनच एका फळीवर वीस-वीस डॉलरची दोन सोन्याची नाणी ठेवून सटकतात. चाळीस डॉलर.

पुढे दोन भामटे तराफ्यावर येतात आणि त्यातला एक जिमला विकून टाकतो, तेही चाळीस डॉलरला. आणि अगदी शेवटी, छळ सहन करून ‘चांगला कैदी’ झाल्याबद्दल टॉम सॉयर जिमच्या हातावर पैसे ठेवतो, तेही चाळीस डॉलर. कुणी जीव वाचवला, कुणी विकला, कुणी खेळणं केलं, रक्कम तीच. ट्वेनने ती मुद्दाम जुळवली की नाही, त्याने काही बिघडत नाही. आकडे पुस्तकात आहेत आणि माणसाची किंमत ठरवणं म्हणजे काय ते सांगायला ते पुरेसे आहेत.

जिम विकला गेल्यावर एकतिसावं प्रकरण येतं. हकला वाटतं, की देव वरून बघतोय आणि आपल्याला शिक्षा करतोय. तो प्रार्थना करायला बसतो, पण शब्द फुटत नाहीत, कारण खोटं बोलून प्रार्थना करता येत नाही. म्हणून तो मिस वॉटसनला पत्र लिहितो: तुमचा जिम इथे आहे, बक्षीस पाठवा आणि घेऊन जा. पत्र लिहिताच आयुष्यात पहिल्यांदा पाप धुतलं गेल्यासारखं त्याला हलकं वाटतं. मग त्याला नदीवरचा जिम आठवत जातो. चांदण्यात गाणारा, वादळात बोलत राहणारा, धुक्यातून परतल्यावर त्याला बघून हरखलेला. तो कागद हातात धरतो, श्वास रोखतो, “ठीक आहे, मग जातो मी नरकात,” म्हणतो आणि पत्र फाडतो.

लक्ष द्या, गुलामगिरी वाईट आहे असं हकला इथेही कळलेलं नाही. आपण पाप करतोय अशी त्याची खात्री आहे आणि तो नरक खरा मानतो. १८९५ च्या एका टिपणात ट्वेनने या पुस्तकाबद्दल म्हटलंय, की निकोप हृदय आणि विकृत घडवलेली सदसद्विवेकबुद्धी यांची टक्कर होते आणि बुद्धी हरते. ‘आतला आवाज ऐक’ असं आपण मुलांना सहज सांगतो. हकच्या आतला आवाज मिस वॉटसनचा होता, चर्चचा होता, बाजारभावाचा होता. तो न ऐकल्यामुळे जिम वाचला.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. ट्वेन लिहायला बसण्याच्या तीन वर्षं आधीची ही गोष्ट. माणसाला गुलाम करताना त्याचं आणि मालकाचं, दोघांचं मन धर्माच्या नावाने कसं घडवलं जातं, हे पुण्यात बसून लिहिलं जात होतं. मराठी वाचकाला हकचं एकतिसावं प्रकरण परकं वाटू नये.

शेवटाची दहा-अकरा प्रकरणं

इथून पुढे पुस्तक घसरतं. जिमला एका मळ्यावरच्या झोपडीत डांबलेलं असतं. सहज सोडवता आलं असतं, पण तिथे टॉम सॉयर येऊन टपकतो. साहसकथांमधले कैदी जसे सुटतात तसंच झालं पाहिजे, हा त्याचा हट्ट. मग जिमच्या झोपडीत साप आणि कोळी सोडायचे, त्याने आसवांनी झाडाला पाणी घालायचं, दगडावर विलापाचे शब्द कोरायचे, असले खेळ आठवडेच्या आठवडे चालतात. एकतिसाव्या प्रकरणातला हक टॉमच्या मागे मान डोलावत राहतो. आणि शेवटी उघड होतं, की मिस वॉटसन दोन महिन्यांपूर्वीच वारली आणि मृत्युपत्रात तिने जिमला मुक्त केलं होतं. टॉमला हे पहिल्यापासून ठाऊक होतं.

अमेरिकी कादंबरीकार हेमिंग्वेने १९३५ मध्ये लिहिलं, की सगळं आधुनिक अमेरिकी साहित्य या एका पुस्तकातून आलं, पण जिमला पळवलं जातं तिथे वाचायचं थांबवा, पुढचा भाग फसवणूक आहे. काही समीक्षक शेवटाची वेगळी संगती लावतात. यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, पण १८७७ मध्ये दक्षिणेतून केंद्राने हात काढून घेतला आणि १८८३ मध्ये, म्हणजे हे पुस्तक पुरं झालं त्याच वर्षी, सर्वोच्च न्यायालयाने नागरी हक्कांचा १८७५ चा कायदा रद्द ठरवला. कागदावर मुक्त असलेल्या माणसाला पुन्हा कोंडून त्याच्या मुक्ततेचा खेळ मांडणं हे तेव्हा देशभर चाललं होतं, आणि शेवट त्याचंच चित्र आहे, असं हे म्हणणं. विचार मोहक आहे. तरीही वाचताना मला तो शेवट खटकतो. व्यंग असेल तर त्याचा भार जिमच्या अंगावर का टाकला, याचं उत्तर त्या वाचनात मिळत नाही.

कुणाचा आक्षेप, कशावर

पहिली बंदी मार्च १८८५ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्डच्या ग्रंथालयात. कारण वंशवादाचं नव्हतंच. पुस्तक खडबडीत, ग्राम्य आणि झोपडपट्टीच्या लायकीचं आहे, असं तिथल्या समितीचं मत पडलं. यामुळे २५ हजार प्रती हमखास खपतील, असं ट्वेनने प्रकाशकाला कळवलं. १९०५ मध्ये ब्रुकलिनच्या ग्रंथालयात मुलांच्या विभागातून पुस्तक काढलं गेलं तेव्हाची तक्रार अशी, की हक अंग खाजवतो आणि घामाला सभ्य शब्द न वापरता सरळ ‘घाम’ म्हणतो. हे आक्षेप सोवळ्यातल्या माणसांचे होते आणि ते काळाबरोबर मेले.

दुसरा आक्षेप त्यांच्या पंगतीत बसवणं हा अन्याय होईल. १९५७ मध्ये न्यू यॉर्कच्या शिक्षण मंडळाने प्राथमिक आणि माध्यमिक वर्गांच्या पाठ्यपुस्तकांच्या यादीतून हे पुस्तक वगळलं, कृष्णवर्णीयांचा अपमान होतो या तक्रारीच्या पार्श्वभूमीवर. १९८२ मध्ये व्हर्जिनियातल्या एका शाळेच्या कृष्णवर्णीय प्रशासकाने याला वंशद्वेष्टा कचरा म्हटलं, आणि त्या शाळेला नाव मार्क ट्वेनचंच होतं. कृष्णवर्णीयांसाठीचा तो हीन शब्द पुस्तकात दोनशेहून जास्त वेळा येतो. मी तो इथे लिहिलेला नाही. आपल्याकडे जातीचं नाव शिवीसारखं वापरलं जातं तेव्हा ते कसं लागतं, हे ज्याने ऐकलंय त्याला वेगळं सांगायला नको. तीस मुलांच्या वर्गात एकच कृष्णवर्णीय मूल आहे, पाठ मोठ्याने वाचला जातोय, शब्द आला की सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळतायत. लेखकाचा हेतू उदात्त होता हे त्या मुलाला सांगून काय उपयोग?

२०११ मध्ये एका प्राध्यापकाने तो शब्द काढून जागोजागी ‘गुलाम’ घातलेली आवृत्ती आणली. मला ती पटत नाही. जिम पळाल्यावरही, मुक्त झाल्यावरही लोक त्याला त्याच शब्दाने हाक मारतात, हाच मुद्दा आहे. गुलामगिरी संपली तरी तो शब्द संपला नाही. पण मूळ पुस्तक बारा वर्षांच्या मुलांपुढे तयारीविना टाकणंही मला पटत नाही. थोड्या मोठ्या वयात, गुलामगिरीचा इतिहास आधी शिकवून, आणि मोठ्याने वाचायची सक्ती न करता ते वाचावं.

शब्दापेक्षा खोल आक्षेप जिमच्या चित्रणावर आहे. त्या काळी गोरे नट तोंडाला काजळी फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करत. भुताखेतांना भिणारा, चुकीचं बोलणारा, हसरा भोळसट, असा ठरलेला साचा. ट्वेनला लहानपणापासून हे खेळ फार आवडत. १९५८ मध्ये कृष्णवर्णीय कादंबरीकार राल्फ एलिसनने लिहिलं, की ट्वेनने जिमला त्याच साच्यात बसवलं आणि त्या मुखवट्याच्या आडून जिमची माणूस म्हणून असलेली प्रतिष्ठा दिसते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत हे त्याने पाहिलं. कृष्णवर्णीय कादंबरीकार टोनी मॉरिसनने १९९६ मध्ये या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली तेव्हा त्यातली अस्वस्थताच त्याचं बळ मानली. त्याच वर्षी जेन स्माइली या कादंबरीकार बाईंनी उलट बाजू मांडली: जिमबद्दल हकला आतून काय वाटतं यावर सगळे भाळतात, पण जिमला खरंच मुक्त करायला ना हक काही करत ना ट्वेन. त्यापेक्षा हॅरिएट बीचर स्टोवची १८५२ ची ‘अंकल टॉम्स केबिन’ गुलामगिरीला जास्त गांभीर्याने भिडते. हा वार वर्मी लागतो, कारण केरो मागे पडल्यावर जिमच्या सुटकेचा बेत खरोखरच कुणी नीट पुढे नेत नाही.

ट्वेनला या दुःखाची खबर नव्हती असंही नाही. एल्मायरा गावी त्याच्या मेव्हणीच्या मळ्यावर मेरी ॲन कॉर्ड नावाची स्वयंपाकीण होती, पूर्वाश्रमीची गुलाम. तिचा नवरा आणि सातही मुलं लिलावात विकली गेली होती. धाकटा मुलगा तिला पुढे यादवी युद्धात सैनिक म्हणून भेटला. तिच्या तोंडून ऐकलेली ही हकीकत ट्वेनने १८७४ मध्ये तिच्याच बोलीत छापली. १८८५ मध्ये, म्हणजे हे पुस्तक आलं त्याच वर्षी, त्याने येल विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचा खर्च उचलला. आम्ही त्यांच्यातलं माणूसपण भरडून काढलंय, लाज आमची आहे, त्यांची नाही, आणि त्याची किंमत आम्हीच मोजली पाहिजे, असं त्या वेळच्या त्याच्या पत्रात आहे.

एवढं कळणाऱ्या माणसाच्या कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात जिम मुक्त आहे, खिशात चाळीस डॉलर आहेत, छातीवर केस असणारा माणूस श्रीमंत होतो हे आपलं भाकीत खरं झालं म्हणून तो खूश आहे. टॉम पुढच्या साहसाचे बेत रचतोय, हक पश्चिमेकडे निघून जायचं म्हणतोय. तराफ्यावर अंधारात डोळे ताणून बसलेला जिम पै-पै साठवून ज्यांना विकत घेणार होता, त्या बायकोचं आणि दोन लेकरांचं नाव कुणी काढत नाही, जिमसुद्धा नाही.

२०२४ मध्ये पर्सिव्हल एव्हरेट या कृष्णवर्णीय लेखकाची ‘जेम्स’ ही कादंबरी आली. तिला त्याच वर्षी नॅशनल बुक अवॉर्ड आणि २०२५ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळालं. तीच नदी, तोच तराफा, पण सांगणारा जिम. यात गुलाम आपापसात शुद्ध भाषा बोलतात आणि गोरं माणूस जवळ आलं की भोळसट बोली चढवतात, कारण गोऱ्यांना तीच अपेक्षित असते. यातल्या जिमला टॉमच्या खेळांसाठी वेळ नाही. त्याला त्याची बायको सेडी आणि मुलगी लिझी शोधायची आहे.